यदुल्लाह मिठाईवाला ‘बरं’ म्हणाला

आमच्या तालमीचं दार मुद्दाम बुटकं ठेवलेलं आहे. माणूस कितीही मोठा असो, आत येताना त्याची मान वाकली पाहिजे. यदुल्लाह मिठाईवाल्याची मान वाकायची नाही, कारण मधे पोट यायचं. तो तिरका व्हायचा, आधी एक खांदा आत घालायचा, मग उरलेला यदुल्लाह हळूहळू आत यायचा आणि चौकटीला हात टेकून धापा टाकत उभा राहायचा. माझ्या चौथऱ्यावरून मला हे रोज दिसायचं आणि रोज राग यायचा. तालमीत येऊन बाकावर बसणाऱ्या आणि चहा पिणाऱ्या लोकांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

मी इथला मुर्शिद. आमची तालीम म्हणजे पूर्वीचं पाण्याचं टाकं, वर घुमट आणि घुमटाला चिकटून वारा खाली आणणारा उंच मनोरा. खाली मधोमध कसरतीचा खोल कोरडा हौद, हौदाच्या काठावर माझा चौथरा. मांडीवर मातीचा ढोल, डोक्यावर पितळी घंटा. मी ठेका धरतो, जुन्या पहिलवानांची गाणी गातो, आणि हौदातली माणसं त्या ठेक्यावर जोर मारतात, मुदगल फिरवतात, गिरक्या घेतात. कोणी आत आलं की ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे मी दखल घेतो. नवखा असेल तर नुसतं तोंडी “या.” मुरलेला असेल तर ढोलावर थाप. आणि घंटा? ती ज्याच्या अंगमेहनतीला आणि वागण्याला कोणी बोट लावू शकत नाही, त्याच्यासाठी. आमच्या तालमीत तो मान एकट्या हाजी फत्ताह यांचा. एकदा शहरातले कोणी बडे साहेब आले होते. बरोबरची माणसं मला घंटेकडे बघून खुणा करत होती. मी ढोलालाही हात लावला नाही. “या,” म्हटलं, आणि गाणं पुढे चालू ठेवलं.

तर या तालमीत यदुल्लाह रोज संध्याकाळी बघायला यायचा. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत वाढलो, त्यामुळे बाहेर आम्ही अरे-तुरे, पण तालमीत तो मला ‘मुर्शिद’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो. तिथली शिस्तच तशी.

तरुणपणी असा नव्हता तो. बाजाराच्या तोंडाशी त्याच्या बापाचं मिठाईचं दुकान, आणि दुकानामागे पश्मक करायची खोली. पश्मक म्हणजे साखरेचे केस. चार माणसं टेबलाभोवती उभी राहायची, शिजलेल्या साखरेचं ऊन ऊन कडं भाजलेल्या पिठात ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. होता होता त्या कड्याचे इतके बारीक धागे व्हायचे की फुंकर मारली तर उडतील. चौघांत यदुल्लाह सगळ्यात दांडगा होता. मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, आम्ही इथे लाकडाचा प्रचंड नख्ल, ताबुतासारखा सांगाडा, खांद्यावर उचलतो, शेकडो माणसं लागतात त्याला. पुढच्या कोपऱ्याचा खांदा यदुल्लाहचा असायचा. मग बाप गेला, दुकानात पश्मक ओढायचं यंत्र आलं, आणि यदुल्लाह गल्ल्यापाशी खुर्चीवर बसला. बसला तो बसलाच. यंत्र ओढायचं आणि हा चव घेऊन बघायचा.

साखरेचा आजार आमच्या गावाला नवा नाही. मिठाईवर जगणारं गाव आहे आमचं यज्द, साऱ्या इराणला गोड खाऊ घालणारं. यदुल्लाहचा थोरला भाऊ हबीब त्यातच गेला. आधी टाचेला एक जखम झाली, ती भरेना. मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटी तो खिडकीशी बसून गल्लीतली येणारी-जाणारी माणसं मोजायचा. यदुल्लाह त्याच्यासाठी रोज बदामाचा लाडू घेऊन जायचा. माया होती, अक्कल नव्हती. मी हे त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

रमजान ईद होऊन थोडे दिवस झाले होते. हाजी फत्ताह गुडघ्याचं ऑपरेशन करून पहिल्यांदाच तालमीत आले. कसरत संपल्यावर चहा आला, आणि हाजींनी जाहीर केलं की येत्या रज्जब महिन्यात, म्हणजे नऊ महिन्यांनी, मौला अलींच्या जन्मदिवसाला ते हौदाच्या मधे उभे राहणार नाहीत. आमच्या तालमीचा तो सगळ्यात मोठा दिवस. मधे उभा राहणारा जे करील तेच भोवतालचे करतात, त्याचा दम तोच सगळ्यांचा दम. वर्षानुवर्षं ती जागा हाजींची होती.

आता आमच्यात अशी जागा कोणी सरळ घेत नाही आणि सरळ देतही नाही. आमच्याकडे दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी “राहू द्या हो, तुमचंच दुकान आहे” म्हणतो. गिऱ्हाईक “असं कसं, असं कसं” म्हणत पैसे पुढे करतं, आणि मग व्यवहार होतो. ते “राहू द्या” खरं मानून पेटी उचलून चालू पडलेला माणूस यज्दमध्ये अजून जन्माला यायचाय. तसंच हे. हाजींनी एकेकाला विचारायचं, प्रत्येकाने छातीवर हात ठेवून नको म्हणायचं, शेवटी नेमत खाटकाने दहा वेळा नको म्हणून अकराव्या वेळी मान खाली घालायची. नेमतच उभा राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दंड बघावेत त्याचे, बोकडाच्या मांड्या.

हाजी ओळीने विचारत गेले. “माझी जागा तुमच्या पायाशी, हाजी.” “तुम्ही असताना आम्ही कोण?” सगळं रीतसर चाललं होतं. मग हाजींनी बाकाकडे मान वळवली, कारण बाकावरच्यांना वगळणं हा त्यांचा अपमान झाला असता.

“उस्ता यदुल्लाह, यंदा तुम्हीच उभं राहावं. तुमच्यासारखं मन आमच्यात कोणाचं आहे?”

यदुल्लाह साखरेचा खडा दाताखाली धरून चहाचा घोट घ्यायच्या बेतात होता. त्याने खडा परत बशीत ठेवला.

“बरं, हाजी,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणताय तर उभा राहतो.”

मला वाटलं तो गंमत करतोय. सगळ्यांना तेच वाटलं. आम्ही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो, ‘नको, नको’ची. ते आलंच नाही. नेमतच्या हातातला पेला तोंडापाशीच थांबला होता.

“उस्ता,” नेमत म्हणाला, “हौदात उतरवायला क्रेन मागवू का? आणि वर काढायला दुसरी?”

सगळे हसले. यदुल्लाहचे कान लाल झाले, पण शब्द मागे घेतला नाही. मी हाजींकडे बघितलं. वाटलं, आता हेच काहीतरी बोलून सोडवतील. पण हाजींनी इतक्या वर्षांत दिलेला शब्द कधी फिरवलेला नव्हता, आणि हा तर पंचवीस माणसांसमोर दिलेला.

“माशाल्ला,” ते शेवटी म्हणाले. “ठरलं मग.”

घरी जाताना मी यदुल्लाहला गल्लीत गाठलं. माझं डोकं नुसतं तापलं होतं. “अरे गाढवा, हाजी रीत म्हणून विचारत होते! शेंबड्या पोरालाही कळतं ते.”

“मला काय कळत नाही?”

“मग?”

तो भिंतीला हात लावून थांबला. चार पावलं भराभर चालला की थांबायचाच. “सकाळी डॉक्टर खानमकडे गेलो होतो. टाचेला बूट लागलाय, महिना झाला, भरत नाही. ती म्हणाली, साखर इतकी आहे की आता सुई घ्यावी लागेल, आणि असंच बसून राहिलास तर पायाचं मी काही सांगू शकत नाही.” त्याने पाय पुढे केला, जणू मला बुटातून दिसणार होतं. “टाच रे. हबीबची पण टाचच होती.”

मी वाकून त्याच्या बुटाकडे बघितलं.

“दुकानात पोरं म्हणतात उस्ता बसा. घरी तलअत म्हणते दमला असाल, बसा. तुझ्या तालमीत आलो की सगळे सरकून जागा देतात, बसा. आणि आज हाजी म्हणाले, उभा राहा. रीत म्हणून का होईना, पण म्हणाले ना? मला वाटलं, आता नको म्हटलं तर हे परत कोणी म्हणायचं नाही.”

मी त्याला घरापर्यंत सोडलं आणि परत येताना एकटाच त्याला शिव्या घालत राहिलो, कारण डोळे ओले झाले की मला शिव्या सुचतात.

दुसऱ्या दिवशी हाजींनी त्याला बोलावून घेतलं. आता ‘उस्ता’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. “शब्द माझ्या तोंडून गेलाय,” हाजी काठी आपटत म्हणाले. “तू पडलास तर मी पडलो. तेव्हा मी सांगेन ते करायचं. पहिलं, डॉक्टरीणबाईला विचारून ये.”

डॉक्टर खानम म्हणे आधी हसली, मग खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि म्हणाली, “जा, आजपासून जा. औषधाने एकट्याने होत नाही म्हणून तर मी ओरडत होते. पण टाच भरेपर्यंत अनवाणी हौदात उतरायचं नाही, हळूहळू वाढवायचं, आणि खिशात दोन खजूर ठेवायचे. घाम फुटून हात थरथरले तर लगेच खायचे.” सुईही सुरू केली तिने. आयुष्यभर दुसऱ्याला गोड खाऊ घालणारा माणूस आता दोन खजूर औषधासारखे गाठीला बांधून फिरायला लागला.

ज्या बाकावर बसून तो चहा प्यायचा, त्याच बाकावर हाजींनी त्याला सगळ्यात हलके मुदगल दिले. पोरांचे. खांद्यावरून मागे, पुन्हा पुढे. पाच-सहा फेऱ्यांत त्याची जीभ बाहेर आली. नेमत हौदातून ओरडला, “उस्ता, जपून! बाकाला दुखापत होईल!” यदुल्लाहने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता. दुसऱ्या दिवशी मला वाटलं येणार नाही. आला. दार तसंच तिरकं होऊन पार केलं, पण आला.

दुकानातलं यंत्र त्याने रोज सकाळी तासभर बंद ठेवायला सुरुवात केली. तीन कारागिरांना घेऊन स्वतः टेबलाशी उभा राहून पश्मक ओढायला लागला, बापाच्या वेळेसारखं. कारागिरांनी कुरकुर केली. गिऱ्हाइकांनी मात्र चव ओळखली आणि ती सकाळीच गर्दी करायला लागली. हा फायदा कोणाच्या डोक्यातही नव्हता. हा स्वतः बोटसुद्धा चाटायचा नाही, आणि चहा बिनसाखरेचा प्यायचा, तोंड असं करून की बघवायचं नाही.

टाच भरली. ज्या दिवशी डॉक्टर खानमने पट्टी काढली, त्या दिवशी तालमीत येऊन त्याने भर गाण्यात मला थांबवलं आणि भिंतीला धरून एक पाय वर करून टाच दाखवली. “बघा मुर्शिद! लोण्यासारखी झालीय!” गाणं मधेच थांबवणं हा आमच्यात गुन्हा आहे. मी जोरात खेकसलो. पण टाच बघितली.

मग तो हौदात उतरला. रीतीप्रमाणे जमिनीला बोटं लावून ओठांना लावली, आणि सगळ्यात शेवटी, दाराकडच्या बाजूला, कोवळ्या पोरांच्या रांगेत उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस. जोर मारायला आडवा झाला तर आधी पोट टेकायचं. कसरत संपली तेव्हा हौदाचा काठ छातीइतका उंच, आणि याच्या हातात तो चढण्याचं बळ उरलेलं नाही. नेमत आणि आणखी एकाने बखोटीला धरून वर ओढला. “सांगितलं होतं ना क्रेन लागेल,” नेमत म्हणाला. त्या वेळी खुद्द यदुल्लाहच हसत सुटला आणि परत घसरून खाली गेला.

उन्हाळा आला. आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो, खाली भट्टी असते. यदुल्लाह कित्येक उन्हाळे वर गेला नव्हता. जिना चढवायचा नाही, म्हणून तो खाली कूलरसमोर झोपायचा आणि त्याची बायको तलअत खानम एकटी वर. एक दिवस सकाळी तो मला बेकरीसमोर रांगेत भेटला. चेहरा असा फुललेला की मला वाटलं लेकीचं लग्न ठरलं.

“काय रे?”

“काल गच्चीवर झोपलो,” तो म्हणाला. “वारा काय सुटला होता. आणि घोरलो नाही म्हणे. तलअत दोनदा उठून बघून गेली, जिवंत आहे ना.”

मुहर्रमला तालीम दुखवट्यासाठी बंद झाली. मला धाकधूक होती की आता गडी परत खुर्चीवर बसणार. आशुराच्या दिवशी दरवर्षी तो चौकात सरबत वाटायला उभा असायचा. त्या वर्षी पळी कोणा भाच्याच्या हातात होती आणि यदुल्लाह दिसेना. मग नख्ल उचलला गेला, माणसांचा समुद्र हलला, आणि मला त्याचं टक्कल दिसलं. पुढचा कोपरा नव्हता, मधल्या फळीखाली होता तो, पण खांदा पक्का लावलेला. तिथून बाहेर आला तेव्हा रडत होता. त्या दिवशी सगळेच रडतात, म्हणून कोणी विचारलं नाही. मी ओळखलं, तो हबीबसाठी रडत होता.

आणि मग, सगळं नीट चाललेलं असताना, तो पडला. थंडी सुरू झाली होती. हाजी त्याला गिरकी शिकवत होते. हात पसरून जागच्या जागी भिंगरीसारखं फिरायचं. तिसऱ्या-चौथ्या गिरकीला याचे डोळे फिरले आणि तो धाडकन हौदाच्या फरशीवर. घामाने थबथबलेला, हात थरथरतायत. हाजींनीच त्याच्या लुंगीच्या गाठीतले खजूर काढून त्याच्या तोंडात कोंबले. पाच-दहा मिनिटांत तो बसता झाला, पण कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

या वेळी नेमतसुद्धा चेष्टा करेना. “हाजी, पुरे आता,” तो म्हणाला. “माणूस मरेल. रज्जबला मी उभा राहतो. कोणी नावं ठेवणार नाही.” मलाही तेच वाटत होतं. हाजींना पहिल्यांदाच मी घाबरलेलं बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराबाहेर कोणी खाकरलं. आमच्या तालमीत बायका येत नाहीत, म्हणून मी बाहेर गेलो. तलअत खानम होती, डोक्यावरून घेतलेली चादर दातात धरलेली, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही.

“मुर्शिद, तुम्ही सगळे मिळून त्यांना थांबवताय असं ऐकलं.”

“खानम, काळजी वाटते म्हणून—”

“काळजीच करत आले मी इतकी वर्षं,” ती म्हणाली. “पाणी हातात, जोडे पायाशी. बसा, तुम्ही दमलात. बसवून बसवून मीच त्यांना खुर्चीला चिकटवलं. हबीबभाऊंच्या बायकोनेही तेच केलं, आणि आम्ही दोघी एकमेकींना शाबासकी देत होतो, किती सेवा करतो म्हणून.” तिने पिशवी खाली ठेवली. “सकाळीच डॉक्टर खानमकडे गेलो होतो. ती म्हणाली, पडले कारण शरीर सुधारतंय आणि सुई तेवढीच राहिली. कमी करायला आधीच यायला हवं होतं. सुई कमी केलीय तिने. कळलं का तुम्हाला? वाढवली नाही, कमी केलीय! तेव्हा मेहेरबानी करा, आणि माझ्या नवऱ्याला कोणी ‘बसा’ म्हणू नका.”

पिशवी उचलून ती गेलीसुद्धा. मी आत येऊन हे शब्दशः सगळ्यांना सांगितलं. हाजींनी डोळे मिटले आणि मान हलवली. “घंटा खरं तर त्या बाईसाठी वाजवायला हवी,” ते म्हणाले. यदुल्लाह हौदाच्या काठावर कपाळाचं टेंगूळ चोळत बसला होता. तो उठला आणि खाली उतरला.

रज्जबचा दिवस उजाडला. भिंतींवर हिरवे झेंडे, घुमटाला दिव्यांच्या माळा, बाकावर मुंगी शिरायला जागा नाही. बाहेर गल्लीत वाऱ्याच्या मनोऱ्यापाशी बायका जमल्या होत्या, कारण आतला ढोल त्या मनोऱ्यातून स्पष्ट ऐकू जातो. तलअत खानम सगळ्यात पुढे, भिंतीला कान लावून, असं मला नंतर कळलं.

यदुल्लाह दारातून आला. पूर्वीसारखा तिरका नाही, समोरून, मान वाकवून. पोट होतंच, ते काही पूर्ण गेलं नव्हतं, जाणारही नाही. पण आता त्याच्या वाटेत येत नव्हतं. मी ढोलावर थाप मारली. ती त्याने कमावली होती.

मधे उभं राहण्याआधी त्याने सगळ्यांकडे वळून छातीवर हात ठेवला. “नेमत, अजूनही सांगतो, ही जागा तुझी.”

“आता रीतभात आठवली होय?” नेमत म्हणाला. “उभा राहा गुपचूप.”

मी सुरुवात केली. जोर झाले. पोट फरशीला न टेकता झाले, मी नीट बघत होतो. मुदगल झाले, आता मोठ्यांचे, पोरांचे नव्हेत. गिरकीला उभा राहिला तेव्हा मला त्या दिवसाचा धाडकन आवाज आठवला. हाजी काठावर काठी घट्ट धरून उभे. यदुल्लाहने हात पसरले, नजर एका जागी ठेवली, आणि फिरला, फिरला, आणि थांबला तो थेट माझ्याकडे तोंड करून. बाकांवरून पैगंबरांच्या नावाची सलवात उठली, घुमट दणाणला.

शेवटी लोखंडी धनुष्य. त्याला दोरीऐवजी साखळी असते, कड्यांनी भरलेली. ते डोक्यावर धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवायचं, मुर्शिदाच्या ठेक्यावर. दंड पेटतात त्याने. थोड्या वेळात यदुल्लाहचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. मला राहवेना. माझ्या हाताने, मला न विचारता, ठेका सावकाश केला. अगदी थोडासा. कोणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं.

हौदाच्या मधून आवाज आला, धापा टाकत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. “मुर्शिद! हात दुखायला लागला का? दमला असाल तर बसा!”

अख्खी तालीम हसली. मी बसलेलाच होतो, म्हणून जास्तच हसली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. असं का, म्हटलं, घे मग. आणि मी ढोल असा वाजवला की तरुणपणीही वाजवला नसेल. साखळी खणखणायला लागली, डावीकडे, उजवीकडे, थांबेचना. भोवतालचे मोजायचं विसरून नुसते ओरडत होते. मनोऱ्यातून बाहेर गल्लीत तो खणखणाट गेला आणि बाहेरून बायकांचा हर्षाचा किलकिलाट आत आला, आमच्या तालमीत तो यापूर्वी कधीच आला नव्हता. यदुल्लाहने धनुष्य खाली ठेवलं ते आपणहून, चुंबन घेऊन. मग हौदाच्या काठावर दोन्ही तळवे टेकले आणि कोणाचाही हात न धरता वर आला.

नेमतने त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं. “उस्ता, क्रेन परत पाठवतो,” तो म्हणाला. मी गाणं म्हणायचं थांबवलं होतं, आमच्यातला गुन्हाच तो, आणि हे मी आज इथे पहिल्यांदा कबूल करतोय.

त्याच आठवड्यात डॉक्टर खानमने सुई पूर्ण बंद केली. गोळ्या राहिल्या. “पण कसरत सोडलीस तर सुई दाराशीच उभी आहे,” तिने बजावलं. तो सोडत नाही.

जन्मदिवसाच्या दुसऱ्याच संध्याकाळी नेहमीची मंडळी जमली होती. दाराबाहेर हाजींची काठी वाजली आणि मी सवयीने घंटेच्या दोरीला हात घातला. पण कोणी आत येईना. बाहेर बोलणं चाललं होतं. आमच्याकडे प्रत्येक दारापाशी चालतं तेच.

“आधी तू.”

“हाजी, असं कसं? तुम्ही असताना मी पुढे?”

“अरे, जा म्हणतो ना.”

“नाही हो, माझा पाय उचलणार नाही.”

“त्या दिवशी भर सभेत एका शब्दात बरं म्हणालास,” हाजींचा आवाज चढला, “आणि आज एक दार ओलांडायला एवढे नखरे?”

मग बुटक्या दारात एक डोकं वाकलं. टक्कल होतं. मी आंधळा नाही, कोण वाकतंय ते मला चांगलं दिसत होतं. मागे हाजी काठीवर रेलून सरळ माझ्याकडे बघत होते. मी दोरी ओढली.

घंटा घुमटात घुमली आणि सगळे उठून उभे राहिले. यदुल्लाह दारातच खिळला. आधी त्याने मागे वळून हाजींकडे बघितलं, मग वर घंटेकडे.

“मुर्शिद,” नेमत हळूच म्हणाला, “चुकून वाजली का?”

“माझ्या हातून घंटा चुकून वाजत नाही,” मी म्हणालो.

यदुल्लाहला पुढे पाऊल टाकवत नव्हतं. हाजींनी काठीने त्याला पाठीत ढोसलं. “चल, पुढे हो. वाट अडवू नकोस. माझी घंटा अजून राहिलीय.” तो पुढे झाला, हाजी मान वाकवून आत आले, आणि मी दुसऱ्यांदा दोरी ओढली.